पेंढ्याखालचा बटाटा : परसबागेसाठी रब्बी सल्ला

घरी बटाटा लावायचा म्हटलं की सरी काढा, भर लावा, काढणीला पुन्हा कुदळ चालवा, या विचारानेच बरेच जण मागे सरतात. घरापुरता दोन-तीन वाफ्यांचा बटाटा खणण्याशिवाय येतो. बेणे, म्हणजे लागवडीचे बटाटे, जमिनीवर ठेवायचे आणि वर पेंढा घालायचा. मातीची भर बटाटा झाकून ठेवते, तेच काम इथे पेंढा करतो.

वेळ मात्र चुकवू नका. बटाट्याला पोसण्यासाठी थंड रात्री लागतात. १८ ते २० अंश तापमानात तो चांगला धरतो आणि तिशीच्या आसपास पोसणे थांबते. म्हणून ऑक्टोबरचा उकाडा ओसरला की, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लागवड उरका. डिसेंबरात लावलेला बटाटा पोसायच्या वेळी ऊन तापू लागते. मग पाला भरपूर दिसतो आणि खाली गोट्या निघतात. कोकणात भात कापल्यावर जमिनीत ओल असते आणि पेंढाही हाताशी असतो. तिथे कापणीनंतर लगेच लावा, कारण थंडीचे दिवस कमी मिळतात.

बेणे अंड्याएवढे, ३० ते ४० ग्रॅमचे, डोळ्यांवर आखूड जाड कोंब आलेले घ्या. कुफ्री पुखराज, कुफ्री लवकर आणि कुफ्री चंद्रमुखी या लवकर येणाऱ्या जाती आहेत, त्या घरी सोयीच्या. शेतात मोठे बटाटे कापून लावतात, पण या पद्धतीत कापू नका. ओल्या पेंढ्याखाली कापलेली फोड सहज सडते. अख्खे छोटे बटाटेच लावा. बाजारातल्या खायच्या बटाट्यालाही कोंब येतात, पण त्यासोबत रोग येण्याची भीती असते, म्हणून खात्रीचे बेणे मिळवलेले बरे.

वाफ्यातले तण कापून तिथेच पसरा, चांगले पाणी द्या आणि वाफसा आला, म्हणजे चिखल सुकून माती नुसती ओलसर राहिली, की पूर्ण कुजलेल्या शेणखताचा दोन बोटे थर द्या. ताजे शेण नको, त्याने सालीवर खरबरीत खपल्या येतात. त्या थरावर बेणे कोंब वर करून हलके दाबून बसवा. दोन बेण्यांत एक फूट, दोन ओळींत दीड फूट अंतर ठेवा. मागच्या हंगामात जिथे टोमॅटो, वांगी किंवा मिरची होती, ती जागा टाळा. ही सगळी बटाट्याच्याच कुळातली.

आता पेंढा. सगळे यश याच्यावर आहे, आणि माणसे नेमकी इथेच हात आखडता घेतात. सुरुवातीला वीतभर, म्हणजे आठ-नऊ इंच थर द्या. भाताचा पेंढा सर्वांत चांगला. उसाचे पाचट चालते, पण त्यातून फटी राहतात, म्हणून ते जास्त घाला. पेंढा ओला झाला की बसतो. महिन्याने वरून पुन्हा चार बोटे भरा. बटाट्याला उजेड लागला की तो हिरवा होतो. त्यात सोलॅनिन नावाचे विष वाढते आणि तो खाण्याजोगा राहत नाही. शिवाय उघड्या बटाट्यावर पतंग अंडी घालतो आणि अळी आत पोखरते. पांढरे कुठे डोकावताना दिसले की लगेच झाका.

पाणी देण्याआधी पेंढ्याखाली हात घालून पाहा. ओल असेल तर देऊ नका. पेंढा कुजताना नत्र ओढतो, त्यामुळे पाने फिकट पिवळी पडली तर शेणाची पातळ स्लरी किंवा जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन आंबवून केलेले पातळ खत) द्या. सलग ढगाळ हवा आणि सकाळी धुके असले की पानांवर करपा या रोगाचे काळपट डाग शोधा. डागाळलेली पाने काढून लांब पुरा. पेंढ्यात उंदीर घरटे करतात, म्हणून कोठीघराला लागून वाफा नको.

ऐंशी-नव्वद दिवसांत पाला पिवळा पडू लागतो. तेव्हा पाणी तोडा, पाला कापा आणि आठ-दहा दिवस थांबा, म्हणजे साल घट्ट होते. त्याआधीही, भाजीपुरते चार बटाटे हवे असतील तर पेंढा बाजूला सारून मोठे तेवढे अलगद काढता येतात आणि झाड वाढत राहते. या पद्धतीतले हेच मला सर्वांत जास्त आवडते.

काढलेले बटाटे धुवू नका. हवेशीर अंधारात, कांद्यापासून दूर ठेवा. पेंढा तिथेच राहू द्या. फेब्रुवारीत त्यातच खळगे करून काकडी किंवा दोडका टोकता येतो.