तान्ह्या बाळाच्या अंगावरचे डाग कसे पाहावेत

अंघोळीनंतर बाळाचे अंग टिपून त्याला खिडकीजवळच्या उजेडात उताणे आणि पालथे असे दोन्ही बाजूंनी नीट पाहावे. प्रत्येक डागावर बोट हलकेच दाबून सोडावे आणि शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवावा, म्हणजे 'हा आधी केवढा होता?' असे डॉक्टरांनी विचारल्यास अंदाजाने सांगावे लागत नाही.

कमरेखाली किंवा ढुंगणावर दिसणारा निळसर-करडा, सपाट डाग आपल्याकडच्या बाळांमध्ये सर्रास आढळतो. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी त्वचेच्या खोल थरात राहून गेल्याने तो निळा दिसतो. मुका मार हिरवा-पिवळा होत काही दिवसांत विरतो आणि दाबल्यास दुखतो. हा डाग मात्र दुखत नाही व बहुधा शाळेच्या वयापर्यंत फिकट होतो. परदेशातील मराठी पालकांनी त्याची नोंद बाळाच्या वैद्यकीय कागदपत्रांत आवर्जून करून घ्यावी, कारण तो मारहाणीचा वळ समजला जाऊ शकतो. आईने ग्रहण पाळले नाही म्हणून डाग उठला, हे बोलणे सोडून द्यावे. डाळीच्या पिठाने घासूनही तो जात नाही, उलट कोवळी त्वचा सोलवटते.

लाल डागांत अधिक सावध राहावे लागते. जन्मानंतर काही आठवड्यांत उगवून फुगत जाणारी, स्ट्रॉबेरीसारखी गाठ पहिल्या पाच महिन्यांत झपाट्याने वाढते आणि पुढे काही वर्षांत बहुधा ओसरते. तरी ती डोळा, नाक, ओठ यांच्याजवळ असेल, चिघळली असेल किंवा अंगावर अशा पाच वा अधिक गाठी असतील, तर 'आपोआप जाईल' म्हणत थांबू नये. प्रोप्रॅनोलॉल हे औषध वाढीच्या काळातच सुरू केल्यास चांगला गुण येतो. याउलट, जन्मतःच असलेला सपाट, जांभळट-लाल डाग आपोआप जात नाही. तो कपाळावर किंवा पापणीवर असल्यास बाळाचे डोळे व मेंदू तपासून घ्यावेत.

पाच मिलिमीटरपेक्षा मोठे, फिकट तपकिरी डाग सहा किंवा अधिक असल्यास तेही बालरोगतज्ज्ञांना दाखवावेत.

कावीळ पाहताना सावळ्या त्वचेचा रंग फसवतो, म्हणून डोळ्यांचा पांढरा भाग व हिरड्या पाहाव्यात. पहिल्या चोवीस तासांत पिवळेपणा आला, तळहात-तळपाय पिवळे झाले किंवा बाळ दूध ओढेनासे झाले, तर कोवळ्या उन्हात धरून बसण्याऐवजी लगेच रुग्णालय गाठावे. पहिल्या एक-दोन दिवसांत थंडीने हातपाय निळसर दिसणे स्वाभाविक आहे. ओठ किंवा जीभ निळी पडली, तर मात्र एक क्षणही थांबू नये.