आय-आर करेक्शन करताय? या चुका टाळा

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आसपास निकेल फोमवर कॅटॅलिस्ट (अभिक्रिया सोपी करणारा पदार्थ) चढवून ऑक्सिजन इव्होल्यूशन, म्हणजे पाण्यातून ऑक्सिजन सुटण्याची अभिक्रिया, मोजणारे विद्यार्थी रग्गड. त्यातल्या कुणाचा आलेख विचित्र आला की आधी पदार्थावर संशय घेतला जातो. बऱ्याचदा दोष द्रावणाच्या रोधाच्या हिशेबात निघतो.

हिशेब तसा सोपा. इलेक्ट्रोड आणि रेफरन्स (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो इलेक्ट्रोड) यांच्या मधल्या द्रावणाचा रोध ५ ओहम असेल आणि प्रवाह ५० मिलिअँपिअर, तर २५० मिलिव्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. मोजलेल्या व्होल्टेजमधून ते वजा करायचे, हेच आय-आर करेक्शन (आय म्हणजे प्रवाह, आर म्हणजे रोध); पण एकदाच.

सगळ्यात महागात पडते ती दुहेरी वजाबाकी. सामायिक पोटेन्शियोस्टॅटवर (व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणारं मशीन) कुणीतरी ८५ टक्के कंपेन्सेशन, म्हणजे रन चालू असतानाच मशीनने आय-आर भरून काढणं, टिक करून गेलेलं असतं. तुम्ही न बघता रन घेता आणि रूमवर येऊन एक्सेलमध्ये पुन्हा पूर्ण आय-आर वजा करता. टाफेल स्लोप (प्रवाह दहापट करायला लागणारं जास्तीचं व्होल्टेज; कमी तितकं चांगलं) इतका देखणा येतो की गाईडही खूश! जास्त प्रवाहाला वक्र ताठ उभा राहिला किंवा मागे वळला, तर कौतुक थांबवा आणि सेटिंग बघा. लाइव्ह कंपेन्सेशन १०० टक्क्यांवर नेऊ नका, सर्किट थरथरतं आणि आलेखाला दाते येतात. माझं मत विचाराल तर ५ मिलिव्होल्ट प्रति सेकंदासारख्या संथ एलएसव्हीला (व्होल्टेज एकाच दिशेने सरकवत प्रवाह मोजणं) लाइव्ह कंपेन्सेशन बंदच ठेवा आणि वजाबाकी नंतर करा. वेगवान सीव्हीचं (व्होल्टेज पुढे-मागे फिरवत मोजणं) तसं नाही. तिथे कंपेन्सेशन नसेल तर आय-आरमुळे इलेक्ट्रोडवरचा खरा स्कॅन रेटच (व्होल्टेज सरकण्याचा वेग) बदललेला असतो, तो नंतर दुरुस्त होत नाही.

रोधाला गुणायचं ते अँपिअरमधल्या प्रवाहाने, करंट डेन्सिटीने (दर चौरस सेंटिमीटरचा प्रवाह) नव्हे. इलेक्ट्रोड बरोबर १ चौरस सेंटिमीटरचा असेल तर ही चूक लपून जाते. ३ मिलिमीटर व्यासाच्या ग्लासी कार्बनच्या इलेक्ट्रोडवर मात्र करेक्शन चौदापट फुगतं.

रोध दरवेळी नव्याने मोजा. ईआयएस (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला रोध मोजण्याची चाचणी) घ्या आणि तिचा नायक्विस्ट आलेख जास्त फ्रिक्वेन्सीच्या टोकाला आडव्या अक्षाला जिथे छेदतो तो आकडा घ्या; अर्धवर्तुळाचं उजवं टोक नव्हे. इलेक्ट्रोड जरा हलला तरी पुन्हा मोजायचं. तापमान एक अंशाने वाढलं की द्रावणाचा रोध साधारण २ टक्के उतरतो, त्यामुळे जानेवारीतल्या सकाळचा आकडा एप्रिलच्या दुपारी चालत नाही. आकडा एकदम वाढला तर रेफरन्सच्या टोकाशी बुडबुडा अडकलाय का ते बघा. नसेल तर क्लिप उघडा. पोटॅशियम हायड्रॉक्साइड फोममधून वर चढून क्लिपपर्यंत पोचतं, तिथलं तांबं हिरवं-निळं पडतं आणि तो संपर्काचा रोधही तुमच्या आकड्यात शिरतो. क्लिपचे दात घासून स्वच्छ करा. पुढच्या वेळी बुडणाऱ्या भागाच्या वर फोमला इपॉक्सी लावा.

सुपरकपॅसिटर (झटपट चार्ज होणारं वीज साठवायचं साधन) करणाऱ्यांनी चार्ज-डिस्चार्ज चाचणीला कंपेन्सेशन लावूच नये. डिस्चार्जच्या सुरुवातीची ती उभी घसरण हा तुमच्या डिव्हाइसचा स्वतःचा अंतर्गत रोध आहे. तो झाकला तर मोजलं काय?

आता डेटा. करेक्शन न केलेली, मशीनच्या स्वतःच्या फॉरमॅटमधली फाईल जपून ठेवा, कारण सेटिंग्ज तिच्यातच असतात. रोध आणि कंपेन्सेशनची टक्केवारी फाईलच्या नावातच टाका. 'फायनल', 'फायनल२', 'खरंच फायनल' यावरून महिन्याभराने काहीही कळत नाही.

२४ तासांच्या स्टॅबिलिटी रनला ऑटोसेव्ह चालू हवं. पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, आणि यूपीएसवर नुसता कॉम्प्युटर जोडून पोटेन्शियोस्टॅट यूपीएसविना ठेवला तर उपयोग शून्य. विंडोज अपडेट आणि स्लीप मोड बंद करा. दर ०.१ सेकंदाला नोंद घेतली तर ८,६४,००० बिंदू जमतात. १० सेकंदांना एक घेतली तर ८,६४० आणि आलेखात काही कमी पडत नाही.

सीएसव्ही फाईल एक्सेलमध्ये उघडलीत तर तिच्यावरच सेव्ह दाबू नका. १.२३४५६ई-०५ हा आकडा एक्सेल १.२३ई-०५ असा दाखवतं आणि सेव्ह करताना तेवढाच लिहितं. उरलेले अंक फाईलमधून कायमचे जातात. आधी कॉपी काढा, मग काय खेळ करायचा तो कॉपीवर.