डेटा सफिशिअन्सीत या चुका टाळा

एमबीएच्या प्रवेशासाठीच्या जीमॅट परीक्षेला बसणाऱ्या आपल्याकडच्या इंजिनिअर मुलामुलींचं गणित कच्चं नसतं. तरीही डेटा सफिशिअन्सी या प्रश्नप्रकारात मार्क जातात, कारण शाळेपासून हाताला एकच सवय लागलेली असते: गणित दिसलं की सोडवायचं. इथे मात्र खाली दिलेल्या दोन विधानांवरून उत्तर पक्कं ठरतं का, एवढंच विचारलेलं असतं. नुसतं पहिलं पुरतं तर ए, नुसतं दुसरं तर बी, दोन्ही मिळून पुरतात तर सी, प्रत्येक एकेकटं पुरतं तर डी, मिळूनही पुरत नाहीत तर ई. २०२३च्या नोव्हेंबरात नवी जीमॅट आली तेव्हा हे प्रश्न क्वांट म्हणजे गणिताच्या विभागातून डेटा इनसाइट्स या विभागात गेले. तिथे २० प्रश्नांना ४५ मिनिटं मिळतात, म्हणून उत्तर एकच येणार हे दिसलं की आकडेमोड तिथेच थांबवा.

सगळ्यात जास्त मार्क खाणारी चूक म्हणजे पहिलं विधान डोक्यात ठेवून दुसरं वाचणं. समजा प्रश्न आहे: न हा धन पूर्णांक किती? (१) न हा २० आणि ३०च्या मधे आहे. (२) न ही पूर्ण वर्ग संख्या आहे. दुसरं वाचताच २५ डोळ्यांपुढे येतो आणि बी निवडलं जातं. पण नुसत्या दुसऱ्यावर ४, ९, १६ सगळेच चालतात. उत्तर सी. मी शिकवताना पहिलं विधान तपासून झालं की ते तळहाताने झाकायला लावतो. आठवडाभर असं केलं की सवय मोडते.

याच्या उलट चूक हुशार मुलं करतात: दोन अज्ञात म्हणजे दोन समीकरणं हवीतच. पेन ७ रुपयांना, वही १९ रुपयांना. पेनं किती घेतली? (१) एकूण १०१ रुपये झाले. (२) पेनं आणि वह्या मिळून ११. समीकरणं मांडली की सी अगदी सरळ वाटतं, आणि इतक्या सरळ सीचा संशय यायलाच हवा. अर्धी वही कोणी विकत घेत नाही. १०१मधून १९, ३८, ५७, ७६, ९५ वजा करून बघा. ७ने भाग फक्त ६३ला जातो. ९ पेनं, २ वह्या. पहिलं विधान एकटंच पुरतं, उत्तर ए. मात्र पूर्णांक असल्याचं प्रश्नात दिलेलं नसेल, वस्तूंवरूनही ठरत नसेल, तर अपूर्णांक, शून्य आणि ऋण संख्या घालून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

‘आहे का’ असा प्रश्न असेल तर ठाम ‘नाही’ हेही पुरेसं उत्तर आहे. न सम आहे का? विधान: न ही २पेक्षा मोठी मूळ संख्या आहे. म्हणजे न विषमच. उत्तर ‘नाही’ आलं म्हणून विधान अपुरं ठरत नाही. ‘कधी हो, कधी नाही’ आलं तरच अपुरं.

शेवटची खूण फार उपयोगी आहे: जीमॅटची दोन विधानं एकमेकांना कधीच खोटं पाडत नाहीत. क्ष किती? (१) क्षचा वर्ग ९. (२) क्षचा घन उणे २७. पहिल्यावरून ३, दुसऱ्यावरून उणे ३ काढून डी निवडलेली कितीतरी उत्तरं मी तपासली आहेत. दोन विधानांवरून दोन वेगळी उत्तरं आली की तिथेच थांबा आणि परत पहिल्याकडे जा. तिथे उणे ३ राहून गेलेला असतो, आणि बरोबर उत्तर बी असतं.