फाइलसिस्टिममधली बफरची गळती कशी सापडली

लिनक्सवरच्या एका जुन्या फाइलसिस्टिम मॉड्यूलची (डिस्कवरच्या फाइली सांभाळणाऱ्या कोडची) देखभाल माझ्याकडे आहे. मशीन बरेच दिवस चालू राहिलं की मेमरी हळूहळू आटायची. कर्नलची मेमरी कशात गेली ते दाखवणाऱ्या स्लॅबइन्फोमध्ये बफर_हेडचा (डिस्कच्या ब्लॉकची मेमरीतली प्रत म्हणजे बफर, त्याच्या नोंदींचा) आकडा चढतच होता आणि ड्रॉप_कॅशेसमध्ये ३ लिहूनही (म्हणजे वापरात नसलेले कॅश रिकामे करायला सांगूनही) उतरत नव्हता. म्हणजे कुठेतरी बफर घेतला जात होता, पण सोडला जात नव्हता. जिच्याकडे एकही पॉइंटर उरलेला नाही अशीच मेमरी पकडणारं केमेमलीक हे साधन इथे कामाचं नाही, कारण पेज कॅशमधून (डिस्कवरचा डेटा मेमरीत ठेवतात तिथून) त्या बफरकडे जाणारा पॉइंटर शाबूत असतो.

मग जिथे जिथे एसबी_ब्रेड (ब्लॉक वाचून बफर घेणारं फंक्शन) आहे, तिथून बाहेर पडणारी प्रत्येक वाट वाचून काढली. डिरेक्टरीत नाव सापडलं नाही, तर शेवटच्या ब्लॉकवर ब्रेल्स (बफर सोडणारं फंक्शन) न करताच फंक्शन परतत होतं. नाव न सापडणं तर रोजचंच! त्यात १ केबीच्या बफरपायी मेमरीचं ४ केबीचं अख्खं पेज अडकतं.

सगळे रिटर्न एकाच लेबलकडे (कोडमधल्या खुणेच्या जागेकडे) वळवले आणि तिथे ब्रेल्स ठेवलं. ब्रेल्सला नल (रिकामा पॉइंटर) दिला तरी चालतो. हजारो डिरेक्टऱ्यांत नसलेली नावं शोधून पाहिली, आता आकडा उतरतो. एक्सएफएसटेस्ट्स या फाइलसिस्टिमच्या चाचण्याही चालवल्या. शेजारचा कोड आवरायचा मोह झाला होता, पण तो बदल वेगळ्या पॅचमध्येच हवा, नाहीतर पुढे बायसेक्ट करणाऱ्याचे (बिघाड कोणत्या बदलाने आला ते बदलांची यादी अर्धी-अर्धी करत शोधणाऱ्याचे) हाल होतात.