छाया गोळीचा वार पक्का करून द्या

नर्सिंगच्या मुलींनो, पाळणा लांबवायला आलेल्या बाईसमोर साधनांची यादी धडाधड वाचू नका. तिला बसू द्या, सोबतच्या सासूबाईंना जरा बाहेर थांबायला सांगा आणि मग विचारा: शेवटची पाळी कधी आली, बाळ अंगावर पितं का, पुढचं मूल कधी हवंय? बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पिणारं असेल तर माला-एन (रोज घ्यायची गर्भनिरोधक गोळी) नको, दूध कमी होऊ शकतं. तांबी, निरोध, छाया (आठवड्याच्या ठरल्या वारी घ्यायची गर्भनिरोधक गोळी) चालतात; 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी. निवड तिची. नुकतीच कावीळ होऊन गेलेली, पीसीओडी (अंडाशयाचा आजार), टीबी किंवा किडनीचा आजार असेल तर छाया देऊ नका.

छाया निवडली, की खरं काम सुरू होतं. उपकेंद्रात असताना मी एकीला म्हटलं, "तीन महिने आठवड्यातून दोनदा घ्यायची." तेवढ्यात लसीकरणाची बाळं आली आणि पुढचं वाक्य, "मग आठवड्यातून एकदा," राहून गेलं. तिने तीन महिने एकही गोळी चुकवली नाही, मग बंद केली. दिवस राहिले तेव्हा एवढंच म्हणाली, "सिस्टर, तुम्हीच तीन महिने म्हणालात ना?" चूक माझीच होती.

तेव्हापासून मी कॅलेंडर घेऊनच बसते. पाळीचा पहिला दिवस बुधवार असेल तर पहिली गोळी बुधवारी, दुसरी शनिवारी. बुधवार बाजाराचा, शनिवार मारुतीचा, असं तिच्या घरातल्या कशाला तरी वार बांधून द्या. तीन महिन्यांच्या बुधवार-शनिवारांना गोल करा. मग पेन तिच्या हातात द्या आणि चौथा महिना तिलाच करू द्या: फक्त बुधवार. तिने शनिवारीही गोल काढला, तर समजावणं अजून झालेलं नाही. पाकिटात आठ गोळ्या असतात. आधी ते महिनाभर पुरतं, नंतर जवळजवळ दोन महिने.

गोळी चुकली तर आठवताच घ्यायची. सात दिवसांच्या आत आठवली तर वार तेच ठेवायचे, पण पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरायचा. सात दिवस उलटले तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्यातून दोनदा.

पाळी लांबू शकते, अंगावरून कमी जाऊ शकतं, हे आजच सांगा. न सांगितलं तर बाई घाबरून गोळ्या सोडते. पंधरा दिवसांपेक्षा जास्त लांबली तर मात्र दिवस राहिलेत का हे बघायला लघवीची तपासणी करायला बोलवा.

उठण्याआधी विचारा, "ताई, पाकीट कुठे ठेवणार?" ती गप्प झाली किंवा दाराकडे बघायला लागली, तर घरी लपवावं लागणार आहे, हे ओळखा. तिच्या भिंतीवर गोल नकोत. तिला अंतराबद्दल पुन्हा नीट सांगा: तीन महिन्यांतून एकदा इंजेक्शन, घरात पाकीट नाही. इंजेक्शनची तारीख आशाताईला देऊ का, हेही तिलाच विचारा.