सातारा-सांगलीत घरावर डिश बसवून घेताना

पावसाळा लागला की डिशच्या तक्रारी वाढतात आणि सगळा दोष पावसाच्या माथी जातो. त्यातला थोडाच खरा. मे महिन्यातला वळीव विजांसकट कोसळतो तेव्हा चित्र पाच-दहा मिनिटं जातं, ते जाणारच. मोठ्या थेंबांचा दाट पाऊस डिशच्या लहरी शोषून घेतो, त्याला इलाज नाही. पण साताऱ्यात दिवसदिवसभर लागणाऱ्या झिमझिमीतही चित्राचे चौकोन पडत असतील, तर पाऊस निमित्ताला आहे. खांब ओळंब्यात नाही, कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय किंवा डिश उपग्रहाच्या ऐन नेमावर नाही, यांपैकी एक कारण बहुधा सापडेल. ही तिन्ही कामं बसवण्याच्या दिवशीच नीट करून घ्यायची असतात. नंतर गच्चीवर चढून हलवाहलव करणं म्हणजे बहुधा नवा बिघाड.

आधी आकाश बघा, मग भिंत

भारतातल्या घरगुती सेवांचे उपग्रह विषुववृत्तावर, आपल्यापेक्षा पूर्वेकडच्या रेखांशांवर आहेत. सातारा साधारण ७४ अंश पूर्वेला, सांगली ७४.६ ला. त्यामुळे आपल्या भागातली प्रत्येक छत्री दक्षिण आणि पूर्व यांच्या मधे, म्हणजे आग्नेयेच्या अंगाला तोंड करते. साताऱ्याचे कोन असे येतात (दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजलेली, उंची क्षितिजापासून):

टाटा प्ले, ८३ अंश पूर्व: दिशा १५२, उंची ६७
डी-टू-एच, ८८ अंश: दिशा १४१, उंची ६४
डीडी फ्री डिश, ९३.५ अंश (जीसॅट-१५): दिशा १३१, उंची ५९ ते ६०
डिश टीव्ही, ९५ अंश: दिशा १२८, उंची ५८
एअरटेल, १०८.२ अंश: दिशा ११४, उंची ४६

सांगली-मिरजेला दिशा जवळपास हीच, उंची एखाद्या अंशानं जास्त. होकायंत्र मोबाईलमधलं चालतं. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्याकडे नगण्य आहे. मात्र मोबाईल लोखंडी कठड्याजवळ, स्लॅबमधून वर आलेल्या गजांजवळ किंवा सोलरच्या सांगाड्याजवळ धरू नका. दोन-तीन मीटर लांब उभं राहून दिशा घ्या, समोरच्या एखाद्या खुणेवर नजर पक्की करा आणि मग खांबाकडे या. वास्तुशास्त्रावर श्रद्धा असलेल्यांच्या घरी काम आणखी सोपं. स्वयंपाकघर ज्या अंगाला, तोंड तिकडे.

आता अडथळा. पाटण-कोयनेच्या खोऱ्यात, वाईकडे किंवा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला ‘डोंगर आडवा येतो’ असं सर्रास ऐकायला मिळतं. हिशेब करून बघा. उपग्रह साठ अंशांवर आहे. डोंगराचा माथा घरातून तीस अंश वर दिसत असला तरी तो पुष्कळ खाली राहतो. डोंगर सहसा आड येत नाही. आड येतात ते परसातला आंबा, शेजाऱ्याचा नवा मजला आणि आपलीच जिन्यावरची पाण्याची टाकी. ठोकताळा असा: फ्री डिशसाठी अडथळा चार मीटरवर असेल तर तो डिशपेक्षा पावणेसात मीटरपर्यंत उंच चालतो. एअरटेलसाठी मात्र जेवढं अंतर तेवढीच उंची. त्यामुळे झाडीत दडलेल्या घराला टाटा प्लेचा, ८३ अंश पूर्वेवरचा उपग्रह सोयीचा पडतो. सेवा निवडताना पॅकेजचे दर सगळे बघतात, हे कुणी बघत नाही. झाडाची वाढही धरा. या लहरींना पानं चालत नाहीत आणि ओली पानं तर मुळीच नाहीत.

सूर्य ही तपासणी फुकटात करून देतो. साधारण १२-१३ मार्च आणि १ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास सूर्य आपल्या आकाशात फ्री डिशच्या उपग्रहाच्या नेमक्या मागे येतो: मार्चमध्ये सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, ऑक्टोबरच्या सुरुवातीला अकराच्या थोडं आधी. त्या वेळी डिशवर स्वच्छ ऊन असेल तर वाट मोकळी. डहाळीची सावली पडली तर तीच डहाळी पावसाळ्यात नडणार. त्याच दिवसांत त्याच वेळी काही मिनिटं चित्र बिघडतं, कारण एलएनबीला (डिशसमोरच्या हातावरचा, लहरी पकडणारा भाग) सूर्याचा गोंगाट ऐकू येतो. तो बिघाड नव्हे. डिशला हात लावू नका.

खांब: निम्मं काम इथेच

साठ सेंटिमीटरच्या छत्रीवर ताशी शंभर किलोमीटरचा वारा सुटला की पंधरा ते वीस किलोचा रेटा येतो. तोही एकदाच येऊन थांबत नाही, हिसके देत राहतो. चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत, आणि जत-आटपाडीच्या उघड्या माळावरही वारा कमी नसतो. खांब दीड इंची जीआय पाइपाचा, आखूड आणि दणकट हवा. ‘सिग्नल चांगला यावा’ म्हणून दोन मीटरचा पाइप उभारण्यात काही अर्थ नाही. उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवर आहे. आपण दोन मीटर वर गेल्यानं त्याला काय फरक पडणार! पाइप डोलेल तेवढाच.

पक्क्या विटांच्या किंवा आरसीसीच्या भिंतीवर १० मिलिमीटरचे चार फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट) घ्या. गिलाव्याची जाडी वजा करून किमान ५० मिलिमीटर लोखंड विटेत किंवा काँक्रीटमध्ये गेलं पाहिजे. विटेच्या मधोमध भोक पाडा, सांध्यात नको. गच्चीचा कठडा बहुधा एकेरी विटेचा असतो. त्याला छत्री बांधली की दोन-तीन वर्षांत तडा दिसतो. महाबळेश्वर-जावळीकडच्या जांभ्याच्या भिंतीत नुसता फास्टनर फुगवला तर भोकाभोवतीचा दगड भुगा होऊन सुटतो. तिथे भोकात रासायनिक अँकरचं मिश्रण भरून सळई बसवावी, नाहीतर भिंतीच्या आरपार बोल्ट घालून आतून मोठी पट्टी द्यावी.

गच्चीच्या स्लॅबला भोक पाडू देऊ नका, हे मात्र ठणकावून सांगा. वरच्या कोब्यातून ड्रिल गेलं की वॉटरप्रूफिंग संपलं, आणि गळती सुरू झाल्यावर डिशवाला काही येऊन कोबा करून देणार नाही. त्याऐवजी काँक्रीटचा ठोकळा ओता: ५० सेंटिमीटर लांब-रुंद, १५ सेंटिमीटर जाड. पाव गोणी सिमेंट, एकास दोन वाळू, चार खडी. खाली जाड प्लॅस्टिक अंथरा म्हणजे तो कोब्याला चिकटत नाही. ओलं असतानाच त्यात १० मिलिमीटरचे वाकवलेले चार बोल्ट, बेसप्लेटच्या भोकांना जुळवून, उभे करा. आठवडाभर पाणी मारा. नव्वद किलोचा हा ठोकळा वरच्या वाऱ्याला पुरतो. माळवदाच्या घरावर तो मधोमध ठेवू नका. खाली भिंत आहे तिथेच ठेवा. कौलारू घर असेल तर कौलांच्या नादाला न लागता त्रिकोणी भिंत किंवा अंगणातला खांब बघा. पंधरा-वीस मीटर केबल जास्त गेली तरी बिघडत नाही.

खांब उभा झाला की स्पिरिट लेव्हल दोन बाजूंनी, एकमेकींना काटकोनात लावून बघा. लेव्हल नसेल तर गवंड्याचा ओळंबा आहेच. अर्ध्या मीटरचा पाइप वरच्या टोकाशी एक सेंटिमीटर कलंडलेला ठेवला तर एक अंशाहून जास्त चूक झाली, आणि या छत्रीची एकूण नजरच तीन अंश रुंद असते. शिवाय खांब तिरका असला की दिशा फिरवताना उंचीही बदलत जाते, मग माणूस तासभर चाचपडतो आणि शेवटी ‘सिग्नल वीक आहे’ म्हणून मोकळा होतो.

नेम धरणं

छत्री जेवढी वर बघताना दिसते त्याहून ती प्रत्यक्षात बरीच वर बघत असते. या छत्र्या ऑफसेट असतात. एलएनबी मध्यापासून खाली, हातावर असतो आणि साधारण २२ ते २६ अंशांचा फरक घडणीतच असतो. म्हणून साठ अंशांच्या उपग्रहासाठी तबक उभ्या रेषेपासून जेमतेम पस्तीसेक अंश मागे झुकलेलं दिसतं. मागच्या कंसावरच्या खुणांमध्ये हा फरक बहुधा धरलेला असतो, तेव्हा आधी त्या खुणेवर साठ लावा आणि मग दिशा शोधा.

सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत सिग्नलचे दोन आकडे दिसतात: स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथवर जाऊ नका. एलएनबीला वीज पोचली की गोंगाटावरही ती साठ-सत्तर दाखवते. क्वालिटी हलली तरच उपग्रह सापडला. छत्री पूर्वेकडून दक्षिणेकडे अगदी सावकाश फिरवा, एका वेळी अर्धा अंश, आणि प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद थांबा, कारण बॉक्सला आकडा दाखवायला तेवढा वेळ लागतो. काहीच नाही मिळालं तर उंची दोन अंश बदलून पुन्हा तीच फेरी. क्वालिटी चांगली आहे पण चॅनेल भलतेच किंवा शून्य, असं झालं तर शेजारचा उपग्रह पकडलाय, ९३.५ आणि ९५ यांत दीडच अंशाचं अंतर आहे.

इतक्या उंचीवर दिशेतली चूक आकाशात निम्मीच होते, उंचीतली पूर्ण. म्हणून शेवटचा वेळ उंचीच्या बोल्टवर घालवा. आकडा वरच्या टोकाला अडकून पुढे सरकत नसेल तर एलएनबीच्या तोंडावर ओलं फडकं धरा. आकडा खाली येतो आणि खरं शिखर कुठे आहे ते कळतं. पावसाळ्याची रंगीत तालीमही होऊन जाते.

एलएनबी स्वतःभोवती फिरवणं बहुतेक जण विसरतात. आपल्याकडून हे उपग्रह बाजूला असल्यानं त्यांच्या उभ्या-आडव्या लहरी आपल्याला तिरक्या मिळतात. एलएनबी सरळ उभा ठेवला की बहुधा क्वालिटीचा आकडा घटतो. क्लॅम्प सैल करून तो दोन्हीकडे हळूहळू फिरवा, क्वालिटी सर्वांत जास्त असेल तिथे कसा. निम्मे चॅनेल दिसतात आणि निम्मे नाहीत, अशी तक्रार असेल तर पहिला संशय इथेच घ्या.

बोल्ट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळा. एकच पूर्ण आवळला तर छत्री सरकते. आवळून झाल्यावर आकडा पुन्हा बघा. मग खांब आणि कंस यांवर मिळून पक्क्या शाईच्या मार्करनं एक रेघ मारा. वानरं छत्रीवर बसून गेली की रेघ तुटलेली दिसते आणि सिग्नल मोजायच्या मीटरशिवाय दोन मिनिटांत छत्री जागेवर येते.

केबल आणि कनेक्टर

केबल आरजी-६, ७५ ओहम, बाहेरचं काळं आवरण उन्हाला टिकणारं. पांढरी स्वस्त केबल दोन उन्हाळ्यांत तडकते. तीस मीटरपर्यंत एकसलग ठेवा, मधे जोड नको. मुठीपेक्षा बारीक वळण देऊ नका. खारी आणि उंदीर असतील तिथे पीव्हीसी पाइपातून न्या.

कनेक्टर पिळून बसवायचा नको, कॉम्प्रेशनचा घ्या. केबलच्या आतली तारेची जाळी मागे नीट दुमडा. तिचा एक केस जरी मधल्या तारेला लागला तरी शॉर्ट होऊन बॉक्स एलएनबीची वीज बंद करतो. मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर असावी. एलएनबीकडचं टोक रबरी टोपी आणि आपोआप एकजीव होणाऱ्या रबरी टेपनं बंद करा. साधी इन्सुलेशन टेप उन्हानं सुटते आणि आत पाणी धरून ठेवते, म्हणजे नसलेली बरी.

घरात शिरण्याआधी केबलला खाली लोंबणारा एक वळसा ठेवा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं असू द्या.

दुसऱ्या खोलीत दुसरा बॉक्स हवा असेल तर साधा स्प्लिटर लावू नका. बॉक्स उभ्या लहरींसाठी १३ आणि आडव्यांसाठी १८ व्होल्ट पाठवतो. दोघांनी एकाच एलएनबीला दोन वेगळे हुकूम दिले की एकाचं चित्र जातं. दोन तोंडांचा एलएनबी घ्या आणि दोन स्वतंत्र केबली ओढा.

छत्री वीजवाहिनीपासून तीन मीटर तरी लांब असावी, खांबाला अर्थिंग असावं. विजा चमकू लागण्याआधीच बॉक्सचा प्लग आणि मागची केबल दोन्ही काढा. नुसता प्लग काढून भागत नाही.

माणूस खाली उतरण्याआधी

क्वालिटीचा आकडा उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही लहरींच्या चॅनेलवर बघून मोबाईलमध्ये फोटो काढा. छत्रीची कड हातानं थोडी दाबून सोडायला सांगा. आकडा परत तिथेच आला पाहिजे. कनेक्टरची टेप गच्चीवर जाऊन स्वतः बघा, फोटोवर विसंबू नका. पैसे त्यानंतर द्या.