तुतीच्या झाडासाठी जागा कशी निवडावी

तुतीचे रोप हाती येते तेव्हा जेमतेम हातभर उंचीचे असते आणि अंगणातला कोणताही रिकामा कोपरा त्याला पुरेल असे वाटते. मात्र पांढऱ्या तुतीचे झाड छाटणी न करता वाढू दिले, तर ते १० ते १५ मीटर उंच होते, त्याचा पसाराही तसाच मोठा असतो आणि ते माणसाच्या हयातीपेक्षा जास्त टिकू शकते. त्यामुळे जागा ठरवताना पूर्ण वाढलेले झाड डोळ्यांसमोर ठेवावे.

पहिली गरज उन्हाची. दिवसातून किमान सहा ते आठ तास थेट ऊन मिळाले पाहिजे. सावलीत झाड जगते, पानेही धरते, पण फळ कमी येते आणि त्याची गोडी उतरते. ऊन कुठवर राहते हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. त्यासाठी सकाळी, दुपारी आणि सायंकाळी घराच्या सावलीच्या कडेला खुंट्या ठोकाव्यात, म्हणजे जागेचे खरे चित्र एका दिवसात समोर येते.

मातीच्या बाबतीत तुती फारशी चोखंदळ नाही. खोल, भुसभुशीत, पोयट्याची जमीन तिला मानवते, हलक्या जमिनीतही ती तग धरते. साचलेले पाणी मात्र तिची मुळे कुजवते. जागा पक्की करण्यापूर्वी तिथे फूटभर रुंद आणि दीड फूट खोल खड्डा खणावा. तळाची माती करडी-निळसर असेल आणि तिला कुबट वास येत असेल, तर तिथे पाणी तुंबते असे समजावे. मग खड्डा पाण्याने भरून ते मुरू द्यावे आणि पुन्हा भरावा. दुसऱ्या दिवशीही तळाशी पाणी उभे असेल, तर दुसरी जागा शोधावी किंवा मातीचा रुंद उंचवटा करून त्यावर रोप लावावे.

मुळांचा विचार बहुतेकांकडून राहून जातो. तुतीची मुळे दूरवर पसरतात आणि ओलाव्याच्या दिशेने वाढतात. धडधाकट नळाला ती सहसा इजा करत नाहीत, पण सांध्यातून पाणी झिरपत असेल तर तिथून आत शिरून नळ तुंबवतात. म्हणून घराचा पाया, सांडपाण्याची वाहिनी आणि शौचालयाची टाकी यांपासून मोठे झाड ८ ते १० मीटर दूर असावे.

यानंतर फळांचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते जागेचा निर्णय खरा त्यावरच व्हावा. तुतीची फळे एकदम पिकत नाहीत; कित्येक आठवडे ती थोडी थोडी पिकून खाली पडत राहतात. काळ्या फळाचा जांभळा रस फरशीत मुरतो आणि चपलांच्या तळव्यांवरून घरात येतो. फळे खाऊन गेलेले पक्षी तोच रंग गाडीवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर टाकतात. पायवाट, वाहनतळ आणि कपड्यांची दोरी यांपासून झाड लांबच हवे. खाली गवत असेल तर उत्तम, कारण तिथे चादर अंथरून फांद्या हलवल्या की फळे स्वच्छ गोळा होतात. पांढऱ्या फळाच्या जातीचे डाग पडत नाहीत. पण ‘पांढरी तुती’ या नावावर विसंबू नये, कारण तिची फळे गुलाबी किंवा काळीही असतात. रोप घेताना फळाचा रंग विचारून घ्यावा.

बियांपासून वाढवलेले रोप नर निघाले तर फळ येत नाही, आणि त्याचे परागकण हवेत उधळून दम्याच्या व ॲलर्जीच्या रुग्णांना त्रास देतात. फळ देणाऱ्या झाडाच्या फांदीपासून केलेले रोप घेतल्यास ही चिंता उरत नाही.

कडाक्याची थंडी पडते तिथे सखल, खोलगट भाग टाळावा, कारण थंड हवा तिथे साचते आणि पांढऱ्या तुतीचे लवकर फुटलेले कोंब उशिराच्या दहिवराने करपतात. पाने रेशीमकिड्यांना घालायची असतील, तर कीटकनाशकांची फवारणी होणाऱ्या शेताजवळ झाड लावूच नये.

जागा अपुरी असेल तर ठेंगणी जात मोठ्या कुंडीत लावावी, किंवा दरवर्षी छाटणी करून झाड आटोक्यात ठेवावे.

शेवटी, निवडलेल्या जागी काठी रोवावी, तिला पाच मीटर लांब दोरी बांधावी आणि दोरी ताणून धरत एक फेरी मारावी. हा झाला फांद्यांचा घेर. त्यात भिंत, फरशी किंवा डोक्यावरून जाणारी वीजवाहिनी येत असेल, तर काठी उपटून थोडी सरकवावी आणि पुन्हा फेरी मारून पाहावी.